बर्फात गाडी थांबत नाही म्हणून एबीएसचा फ्यूज काढायचा का?

धुळ्यात आग्रा रोड आणि सुरत-नागपूर हायवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे आमच्या गॅरेजात चारी दिशांच्या गाड्या येतात. आणि वर्षातून तीनदा एक प्रश्न ठरलेला असतो. डिसेंबरात आणि मेच्या सुट्टीत मनाली-लडाखला निघालेली मंडळी तो विचारतात. मृगाचा पहिला पाऊस पडला, शेतातली काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आली, की गावातलीच माणसं विचारतात. शब्दसुद्धा तेच: "भाऊ, ते एबीएस काढी टाक. गाडी थांबतच नही." एबीएस म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा.

गेल्या जानेवारीत शिरपूरकडचे एक गृहस्थ गाडी घेऊन आले. मनालीच्या पुढे अटल बोगदा ओलांडून सिस्सूला जाऊन आले होते, सोबत बायको आणि दोन मुलं. तिथे बर्फावर ब्रेक दाबला की पॅडल पायाखाली थरथरायचं आणि गाडी पुढेच सरकायची. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी बॉनेटखालच्या डब्यातला एबीएसचा फ्यूज उपटला, काड्यापेटीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आणि तशीच गाडी दीड हजारांवर किलोमीटर घरापर्यंत आणली. बिजासन घाट उतरताना पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला. यांनीही मारला. रस्ता कोरडा, डांबर चांगलं, तरी गाडीचा मागचा भाग एका बाजूला फेकला गेला. डाव्या हाताला कठडा होता, त्याच्या वीतभर अलीकडे गाडी थांबली. हे सांगताना त्यांचा हात अजून कापत होता.

माझं उत्तर आधीच सांगतो: फ्यूज काढू नका. डोंगरात नाही, खान्देशातही नाही. पण "काढू नका" एवढं सांगून भागत नाही, कारण गाडी थांबत नाही ही तक्रार खोटी नसते. ती का येते ते शोधावं लागतं, आणि बऱ्याचदा कारण बर्फ नसून गाडीतलाच दोष असतो.

आधी एबीएस करतं काय

प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणारी दातांची किंवा चुंबकाची रिंग असते, तिच्यावरून तो चाकाचा वेग मोजतो. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक बाकीच्यांच्या मानाने एकदम मंदावलं, म्हणजे जाम व्हायच्या बेतात आलं, की कंप्युटर त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतो आणि पुन्हा लावतो. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा चालतं. पॅडलची थरथर आणि बॉनेटखालची खरखर ती हीच. ती बिघाडाची खूण नाही, यंत्र काम करतंय एवढाच तिचा अर्थ.

१९७८ साली बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत आलं, तेव्हापासून त्याचं मूळ काम बदललेलं नाही: ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही स्टेअरिंग चालू ठेवायचं. कमी अंतरात थांबवणं हा त्याचा वरचा फायदा, तो काही रस्त्यांवर मिळतो, काहींवर नाही. टायरची जमिनीवरची पकड एकच असते आणि ती ब्रेक व वळण या दोघांत वाटली जाते. चाक जाम होऊन घासत निघालं की वळणाच्या वाट्याला काही उरत नाही. मग स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी जिकडे निघाली आहे तिकडेच जाणार.

बर्फावर ते खरंच कमी पडतं का

काही ठिकाणी हो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ताजा, भुसभुशीत, टाचभर साचलेला बर्फ असेल तर जाम झालेलं चाक त्यात रुततं आणि आपल्यापुढे बर्फाचा ढीग गोळा करतं. तो ढीगच गाडीला अडवतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, म्हणून ढीग तयार होत नाही आणि गाडी जास्त अंतर जाते. सुट्या खडीवर आणि मुरुमावरही हेच होतं. शेतरस्त्यावरून येणारे जे सांगतात ते म्हणूनच चूक नाही.

पण मनालीच्या रस्त्यावर पर्यटकाला भेटतो तो बर्फ बहुतेक वेळा भुसभुशीत नसतो. शेकडो गाड्यांच्या चाकांखाली तो दाबून घट्ट झालेला असतो. किंवा दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला, काचेसारखा पातळ थर असतो, जो खालच्या डांबराच्या रंगाचाच दिसतो. त्यावर जाम चाक कशात रुतणार? तिथे फ्यूज काढून अंतर वाचत नाही, फक्त स्टेअरिंग जातं.

आकडे बघा, मग एबीएसवरचा राग कमी होईल. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण ९ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिलाच ३० मीटरच्या पुढे लागतात. गुळगुळीत गोठलेल्या थरावर ६० मीटरच्या पुढे. आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला तर त्यातच आणखी ११ मीटर गेले. हा घर्षणाचा हिशेब आहे, एबीएस असो वा नसो, तो फारसा हलत नाही. वेग निम्मा केला तर मात्र ब्रेकचं अंतर चौथ्या हिश्शावर येतं: ताशी २० ला त्याच गोठलेल्या थरावर १६ मीटर. ज्याला "एबीएसमुळे गाडी थांबली नाही" असं वाटतं, त्याची गाडी एबीएसशिवायही थांबली नसती. फक्त पायाखाली थरथर झाली नसती, म्हणून दोष द्यायला काही सापडलं नसतं.

हे नुसतं तोंडाने सांगून पटत नाही, म्हणून मी गॅरेजातल्या पोरांना एकदा करून दाखवलं. गावाबाहेर मुरूम टाकलेलं मोकळं मैदान होतं. केळीचे रिकामे प्लॅस्टिक कॅरेट एकावर एक रचले आणि ताशी ३० ने येऊन पूर्ण ब्रेक दाबला. पहिल्या दोन फेऱ्या सरळ रेषेत: फ्यूज काढलेला असताना गाडी खरंच दोन-तीन पावलं अलीकडे थांबली, मागे चाकांच्या खोल रेघा आणि पुढे मुरुमाचा ढिगारा. पोरं म्हणाली, बघा शेठ, आम्ही सांगत होतो. मग कॅरेट जवळ आणले, इतके की थांबणं शक्यच नाही, वळूनच वाचायचं. फ्यूज जागेवर असताना ब्रेक दाबलेलाच ठेवून स्टेअरिंग वळवलं, पॅडल खडखडत राहिलं आणि गाडी कॅरेटच्या बाजूने निघून गेली. फ्यूज काढला, तेवढंच स्टेअरिंग वळवलं, आणि गाडी वळलेल्या चाकांनिशी सरळ कॅरेटमध्ये घुसली. फुटलेला एक कॅरेट अजून गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. फ्यूज काढून मागणाऱ्याला मी आधी तो दाखवतो.

फ्यूज काढला की सोबत काय जातं

एकटं एबीएस जातं असं लोकांना वाटतं. आजच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ही वाटणीही तोच कंप्युटर करतो, तिला ईबीडी म्हणतात. ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. ईबीडी नसेल तर ती पुढच्यांच्या आधी जाम होतात आणि गाडी मागून फिरते. बिजासन घाटात त्या गृहस्थांचं नेमकं हेच झालं. ज्या गाडीत ईएसपी (वळणावर घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल, चढावर गाडी धरून ठेवणारी सोय आहे, तिथे तेही सगळं बंद होतं. काही गाड्यांचा स्पीडोमीटरही चाकांच्या सेन्सरवरच चालतो, तो शून्यावर बसतो.

डॅशबोर्डवर पिवळा एबीएसचा दिवा एकटा असेल तर साधा ब्रेक शाबूत आहे, गाडी सावकाश चालवता येते. त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर आधी हँडब्रेक आणि ब्रेक ऑइलची पातळी बघा. दोन्ही ठीक असूनही दिवा जात नसेल, तर ईबीडी गेलं असं समजा आणि घाटात शिरू नका.

बटणाचा घोळ

"माझ्या गाडीत एबीएस बंद करायचं बटण आहे" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेलं ते बटण ट्रॅक्शन कंट्रोलचं किंवा ईएसपीचं असतं, एबीएसचं नाही. त्याचा बर्फात उपयोग आहे, पण एकाच वेळी: गाडी रुतली असेल आणि चाक जरा फिरवून बाहेर काढायची असेल तेव्हा. ट्रॅक्शन कंट्रोल चाक फिरायला लागलं की इंजिनची ताकद कापतं, म्हणून रुतलेली गाडी निघत नाही. गाडी निघाली की लगेच परत चालू करा. आपल्याकडे काळ्या मातीत रुतलेल्या गाडीलाही हेच लागू.

मोटारसायकलची गोष्ट वेगळी. रॉयल एनफिल्ड हिमालयनसारख्या काही गाड्यांत मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय कंपनीनेच दिली आहे, मातीच्या उतारावर मागचं चाक घासत नेता यावं म्हणून. पुढचं एबीएस तिथेही चालूच राहतं. कंपनीने विचार करून दिलेली सोय आणि आपण उपटलेला फ्यूज, दोन्हींत खूप अंतर आहे. २०१९ च्या एप्रिलपासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे आणि १२५ सीसीवरच्या दुचाकीलाही. त्यामुळे आता जवळपास प्रत्येक घरात हा प्रश्न कधी ना कधी येणारच.

आता खरा बिघाड कसा शोधायचा

मी सगळ्यांना आधी एक गोष्ट विचारतो: कोरड्या, चांगल्या डांबरावर, हळू ब्रेक मारताना, गाडी थांबता थांबता शेवटच्या क्षणी पॅडल खडखडतं का? उत्तर "हो" असेल तर बर्फाला, चिखलाला दोष देऊ नका. कोरड्या रस्त्यावर हलक्या ब्रेकला एबीएस जागं होण्याचं कारणच नाही. चाक जाम झालेलं नसताना कंप्युटरला ते जाम वाटतंय, कारण एक सेन्सर खोटं सांगतोय. गाडी ताशी दहाला असते, तीन चाकं दहा दाखवतात, चौथं शून्य. कंप्युटर त्या चाकाचा ब्रेक सोडतो आणि सिग्नलला थांबायची गाडी पुढच्या गाडीच्या बंपरपर्यंत सरकते. या दोषात दिवा लागेलच असं नाही, म्हणून मालकाला कळत नाही.

शिरपूरच्या गाडीत हेच निघालं. फ्यूज परत बसवला, गाडीच्या कंप्युटरमधली माहिती दाखवणारा स्कॅनर लावला, चारही चाकांचे वेग एका पडद्यावर ठेवले आणि पोराला गाडी सावकाश चालवायला सांगितलं. विसावर चौघेही बरोबर. बारापर्यंत उतरेपर्यंत बरोबर. दहाच्या खाली पुढचा डावा एकदम शून्य. चाक उतरवून सेन्सर बाहेर काढला तर त्याच्या टोकावर डिस्कच्या लोखंडी भुशाची काळी दाढी चिकटलेली, वाळलेल्या काळ्या मातीने लिंपलेली. कापडाने पुसली, रिंगचे दात मऊ ब्रशने साफ केले, सेन्सरची बसायची जागा पॉलिश पेपरने घासून गंज काढला. परत चालवलं तर चौघेही शेवटपर्यंत एकसारखे. मनालीला निघण्याआधी धुळ्याच्या रस्त्यांवरही पॅडल खडखडत होतं का, असं विचारल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हो, पावसाळ्यापासून. मला वाटलं खड्ड्यांमुळे."

आपल्या भागात हा दोष जास्त भेटतो याचं कारण आपली माती. काळी माती ओली असताना चिकटते, वाळली की सिमेंटसारखी बसते. पावसाळा संपला की चाकं आतल्या बाजूनेही धुऊन घ्या, नुसता रिम चमकवून उपयोग नाही. मात्र प्रेशर पाइपची धार सेन्सरच्या कनेक्टरवर जवळून मारू नका.

सेन्सर साफ करूनही फरक पडला नाही तर रिंग बघायची. दातांची रिंग गंजून फुगते, कधी तिला केसासारखी चीर जाते आणि तेवढ्या एका जागी सिग्नल तुटतो. चाक हाताने पूर्ण एक फेरा सावकाश फिरवा, बॅटरी मारून एकेक दात बघा. नव्या गाड्यांत ही रिंग बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाची असते. "बेअरिंग बदललं आणि दुसऱ्याच दिवशी एबीएसचा दिवा लागला" अशी गाडी आली, की बेअरिंग उलटं बसवलंय का हे मी पहिलं बघतो. चुंबकाची बाजू सेन्सरकडेच यायला हवी. वरून दोन्ही बाजू सारख्या दिसतात, मिस्त्री घाईत असला की ही चूक होते. बेअरिंग चुंबकाच्या ट्रेमध्ये ठेवायचं नाही, हेही पोरांना वारंवार सांगावं लागतं.

जुन्या पद्धतीच्या सेन्सरला ओहमचा मीटर लावून बघता येतं. नव्या अॅक्टिव्ह सेन्सरला तो लावू नका, त्यातून काही कळत नाही आणि सेन्सर खराब होऊ शकतो. तो स्कॅनरवरच बघायचा. वायर कुठे घासली, ताणली गेली आहे का ते स्टेअरिंग दोन्ही टोकांना वळवून बघा. पुष्कळदा दोष वळणावरच येतो तो त्यामुळे.

टायरकडे दुर्लक्ष करू नका. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर असेल तर त्याचा वेग कायम वेगळा येतो आणि कंप्युटर गोंधळतो. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही टायर संपला, पण बर्फात जायचं असेल तर तिथपर्यंत थांबूच नका. आपल्या उन्हासाठी बनलेलं रबर थंडीत कडक होतं, ते तसंही बर्फाला नीट धरत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, दोन वर्षांनी बदला. लांब घाटात ऑइल तापलं आणि त्यात पाणी असलं की पॅडल स्पंजासारखं खाली जातं. ते एबीएसचं काम नव्हे, पण लोक खापर त्याच्यावरच फोडतात.

डोंगरात गेल्यावर

बर्फावर ब्रेक लागायच्या आधीच गाडी मंद करा. उतार सुरू होण्याआधी पहिला किंवा दुसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा, गचका बसला तर त्यानेही चाक घसरतं. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या तिप्पट-चौपट अंतर ठेवा, मागून कुणी हॉर्न मारत असला तरी. ब्रेक लागलाच तर दाबा आणि दाबूनच ठेवा. पॅडल थरथरलं की घाबरून पाय उचलणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. जुन्या ड्रायव्हर लोकांची पॅडल पुन्हा पुन्हा दाबून सोडायची, म्हणजे पंप मारायची सवय एबीएसच्या गाडीत उलटी पडते. पाय घट्ट, नजर जिथे जायचंय तिकडे, आणि स्टेअरिंग हळू.

चालण्याच्या वेगाच्या जवळपास आल्यावर एबीएस आपोआप थांबतं. त्यामुळे अगदी सावकाश सरकताना तीव्र उतारावर चाक जाम होऊन गाडी घसरू शकते. त्याला फ्यूज काढणं हा उपाय नाही, टायरभोवती बांधायची चेन हा आहे. मनालीत चेन भाड्याने मिळतात. ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांनाच लावायच्या, आणि आपल्या छोट्या गाड्यांत ती बहुतेक पुढची असतात. पैसे देण्याआधी आपल्या टायरच्या मापाशी जुळवून बघा, आणि शक्य असेल तर घरून निघण्याआधी अंगणात एकदा लावून काढून बघा. गार वाऱ्यात, बधिर बोटांनी पहिल्यांदा लावायला गेलात तर जमणार नाही. बोगद्याच्या तोंडाशी, पुलावर आणि डोंगराच्या सावलीतल्या वळणावर गोठलेला थर असतो असं धरूनच चाला.

खान्देशात बर्फ नसतो, पण गारपीट होते. फाल्गुन-चैत्रात गारांचा असा सडा पडतो की अर्धा तास रस्ता पांढरा होतो. त्या वेळी गाडी बाजूला घेऊन थांबा, गारा वितळू द्या. कन्नड घाटात किंवा कोंडाईबारीत पहिल्या पावसाला रस्त्यावरचं सांडलेलं डिझेल आणि धूळ मिळून जो बुळबुळीत थर होतो, तो पहिल्या जोरदार सरीने धुऊन जाईपर्यंत सगळ्यात वाईट असतो. तिथेही गिअर, अंतर, आणि घट्ट दाबलेला ब्रेक.

वाटेत अचानक दिवा लागला तर गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पुन्हा चालू करा आणि थोडं अंतर सावकाश चालवा. सुरू होताना एबीएस स्वतःची तपासणी करतं, पहिल्या काही मीटरवर बॉनेटखाली एक बारीक टकटक ऐकू येते, ती ठीक आहे. दिवा गेला तर बर्फाचा किंवा चिखलाचा गोळा सेन्सरजवळ अडकला होता असं समजा आणि मुक्कामी पोचल्यावर चाकाच्या आतून हात फिरवून साफ करा. गेला नाही तर फ्यूज बघा, उडाला असेल तर त्याच अँपिअरचा टाका. तोही पुन्हा उडाला तर तिसरा टाकू नका, कुठेतरी वायर शॉर्ट आहे. तिथून पुढे गाडी एबीएस नाही असं धरूनच चालवा, आणि खाली उतरल्यावर पहिल्या चांगल्या गॅरेजात स्कॅनर लावून घ्या. कंप्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड नुसता मिटवून देतो म्हणणाऱ्याला आधी चारही चाकांचे वेग दाखवायला सांगा.